सेर्वुलोचा न ओघळणारा चेहरा

आमच्या जंगलातल्या इकितोस शहराच्या दमट हवेत मगरीच्या पाठीलाही बुरशी धरते, तिथं कागदावरचा माणूस किती टिकणार? तरी मी फोटो छापतो. थकलोय, पण छापतो.

डोन्या फिदेलिना, म्हणजे फिदेलिनाबाई. तिचा नवरा सेर्वुलो दफनभूमीच्या भिंतीतल्या एका कप्प्यात असतो आणि कप्प्यावर मी छापलेला त्याचा फोटो. सर्व संतांच्या दिवशी, म्हणजे मेलेल्यांच्या सणाला, मेलेल्याला पाजल्याशिवाय इथं कुणी घोट घेत नाही. ही बाई तोंडात उसाची दारू भरून थेट फोटोवरच फुर्रकन फवारायची. काच लावू द्यायची नाही. म्हणे, त्याचा जीव घुसमटतो. चेहरा ओघळणारच! एकदा तर मिशी ओघळून खालच्या कप्प्यातल्या मुख्याध्यापकांच्या ओठांवर बसली. त्यांची विधवा अजून आमच्याशी बोलत नाही. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा.

यंदा फिदेलिना दुकानात आली ती काकुळतीला येऊनच. "डोन बासिलिओ, फोटो नसला की मला त्याचा चेहराच आठवत नाही हो. टिकेल असा द्या."

बसलो छापायला. छोट्या प्रिंटरची शाई पाण्यासारखी. रंग गोड, पण दारूच्या नुसत्या वासानं पळ काढणारी. मोठ्या प्रिंटरची शाई बारीक भुकटीची. चकचकीत कागदावर ती वरवरच बसली, बोट फिरवलं तर गालच निघून आला. शेवटी खरबरीत सुती कागद घेतला. त्यात ती मुरली. फोटो पत्र्यावर उन्हात टाकला, भाताच्या वाफेवर धरला, वर दारू फवारली. उरलेली दारू मी संपवली. प्रयोग अर्धवट सोडू नये. सेर्वुलो जागचा हलला नाही.

सणाला मीही गेलो. फिदेलिनानं फवारलं. थेंब घरंगळले, चेहरा जसाच्या तसा. तिनं फोटोच्या डोळ्यांखाली बोट फिरवलं.

"काय, डोन्या? टिकला ना?"

"टिकला. पण रडत नाहीये."

"कोण?"

"हाच मेला! जिवंतपणी माझ्यासाठी टिपूस गाळलं नाही. मेल्यावर दरवर्षी घळाघळा रडायचा, तेवढंच सुख होतं. तेही तुम्ही आटवलंत."

"अहो, ती शाई होती!"

"मला काय कळत नाही? हा घरी लावते, चेहरा विसरायला नको. इथं मला रडका आणून द्या. आजच."

मी तिच्या हातातली बाटली घेतली, एक घोट मारला आणि छोटा प्रिंटर सुरू करायला निघालो.