पाण्याच्या पुस्तकातले चिठोरे

मित्रांनो, मी एक जुने शुद्धिपत्र आहे. नाव ऐकून दचकू नका. पुस्तक छापून झाल्यावर त्यात चूक सापडली, की ती सुधारणारा कागदाचा छोटासा तुकडा आत चिकटवतात. तोच मी. लांबीला तुमच्या वीतभर, रुंदीला जेमतेम दोन बोटे. एके काळी मी पांढरेशुभ्र होते. आता माझ्यावर कोणी चहा सांडला आहे की काय, असे वाटते. मला एका जागी गप्प बसवत नाही. पंखा लागला, कोणी शिंकले, शेजारचे पान उलटले, की मी फडफडलेच. अहो, एकच कड चिकटवलेली आणि बाकीचे सारे अंग मोकळे, अशाला स्वस्थता कुठून मिळणार? त्यात आज तर माझा जीव अगदीच थाऱ्यावर नाही. का ते सांगते, पण आधी जन्माची कथा ऐका, नाहीतर तुमचा गोंधळ उडेल.

ज्या पुस्तकासाठी मी जन्मले, ते वैद्यकातले फार मानाचे पुस्तक. ते लिहिले एका डॉक्टरबाईंनी. त्या तान्ह्या मुलांच्या वॉर्डात काम करत. जुलाबांनी सुकून गेलेली मुले तिथे येत आणि सलाइनच्या बाटल्या कधीच पुरत नसत. कोणाला बाटली द्यायची आणि कोणाला नाही, हे रोज ठरवायचे म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक. शेवटी बाईंनी उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि मीठ मोजून घातले आणि मुलांच्या आयांना शेजारी बसवून चमच्या-चमच्याने पाजायला लावले. मोठे डॉक्टर हसले. "बाई स्वयंपाकघर घेऊनच वॉर्डात आल्या," असे म्हणाले. पण मुले वाचू लागली, तसे त्यांचे हसणे आपोआप बंद झाले. बाईंनी सगळा अनुभव, सगळी मापे, सगळ्या चुका एका जाड पुस्तकात लिहून काढल्या. त्याचे खरे नाव इतके लांबलचक, की दम लागावा. लोक त्याला सरळ 'पाण्याचे पुस्तक' म्हणू लागले.

पुस्तक छापून, बांधून तयार झाले. गठ्ठे छापखान्याच्या दारापर्यंत रचले गेले. मालकांनी बाईंना चहाला बोलावले आणि पहिली प्रत त्यांच्या हातात ठेवली. बाईंनी ती उघडली ती नेमकी मापांच्या तक्त्यावर. चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबला.

"हे काय छापलंय?" त्या म्हणाल्या.

तक्त्यात लिहिले होते, एक लिटर पाण्याला मीठ सहा चमचे, साखर अर्धा चमचा.

आता ही चूक झाली कशी, तेही ऐका. ती छापखान्यातच होऊ शकते. तेव्हा शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, हाताने जुळवून पान तयार करत. तक्त्यात नावांची रांग वेगळी जुळवायची आणि मापांची वेगळी, मग दोन्ही शेजारी बसवायच्या. बाईंनी प्रूफ तपासून सही केली, तेव्हा सगळे बरोबर होते. छपाई सुरू होताना मापांच्या रांगेतला एक खिळा तुटलेला दिसला. खिळे जुळवणाऱ्या मामांनी त्या दोन ओळी उचलल्या, नवा खिळा घातला आणि ओळी परत बसवल्या. वरची खाली गेली आणि खालची वर. तुटलेले अक्षर तर नीट झाले होते, मग पुन्हा कोण वाचतो?

मामा दारातच उभे होते. "बाई, हात माझा होता," एवढेच ते म्हणाले.

"हात तुमचा होता, पण पुस्तक माझं आहे," बाई म्हणाल्या. "दुरुस्ती छापून आत चिकटवा. प्रत्येक प्रतीत."

मालक खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, जरा विचार करा. एवढं मोठं पुस्तक, त्यात चिठोरं चिकटवायचं? लोक काय म्हणतील? आणि कुठला डॉक्टर सहा चमचे मीठ घालेल? त्याला कळेलच की."

"डॉक्टरला कळेल. पण मी हे आयांसाठीही लिहिलंय." बाईंनी कप खाली ठेवला. "लोक काय म्हणतील ते मी ऐकून घेईन हो. अब्रू गेली तर माझी जाईल. पोर गेलं तर दुसऱ्याचं जाईल."

पुस्तकांच्या कडा कापून उरलेल्या कागदावर त्याच दिवशी माझी छपाई झाली. मामांनी खिळे जुळवले, आणि या वेळी ते इतक्या वेळा वाचले, की शेवटी बाईच म्हणाल्या, "पुरे आता." माझ्यावर छापले होते : 'साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा असे वाचावे.' आणि त्याखाली बाईंनी मुद्दाम घातलेली ओळ : 'देण्यापूर्वी स्वतः चाखावे. अश्रूंपेक्षा खारट नसावे.'

मला चिकटवले ते बांधणी करणाऱ्या सासू-सुनांनी. सून बोटभर खळ घेऊन मला सगळीकडून फासायला निघाली, तर सासूबाई ओरडल्या, "अगं, भिंतीला पोस्टर लावतेस का? कडेला, शिवणीपाशी, नखाएवढी लाव. जास्त लावलीस तर पान आखडेल." सासूबाईंचे खरे होते. पण ती नखाएवढी खळ माझ्या आयुष्याला पुरायची होती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

माझी प्रत एका मोठ्या इस्पितळाच्या ग्रंथालयात गेली. काय ते दिवस, मित्रांनो! परीक्षा जवळ आली, की पुस्तकासाठी भांडणे होत. दूरदूरचे डॉक्टर पत्रे पाठवत. कोणी म्हणे, या पुस्तकाने किती मुले वाचवली त्याची गणतीच नाही. पुस्तकाला चामड्याची पाठ मिळाली, काचेच्या कपाटात जागा मिळाली. माझे कौतुक मात्र कोणी केले नाही. माझ्याकडे पाहून लोक नाक मुरडत. एका विद्यार्थ्याने माझा कोपरा फाडून दात कोरला. खोटे सांगत नाही, तो कोपरा अजून नाही.

मला वाईट वाटायचे, पण त्याहून भीती जास्त वाटायची. खळीचा वास कसरीला लांबून येतो. तो बारीक चंदेरी किडा कागद खातो, पण त्याआधी खळ खातो. रोज थोडी थोडी माझी कड सैल होत होती.

एकदा डॉक्टरबाई त्या इस्पितळात आल्या. केस पांढरे झाले होते, काठी हातात होती. सभेत त्यांचा सत्कार झाला. सत्कार संपताच त्या ग्रंथालयात आल्या आणि आपले पुस्तक मागितले. लोक एकमेकांकडे पाहून हसले. म्हातारपणी स्वतःचे पुस्तक बघायची हौस, असे त्यांना वाटले. बाईंनी दुसरे एकही पान पाहिले नाही. सरळ तक्ता उघडला, अंगठ्याने माझी कड दाबली आणि हळूच म्हणाल्या, "आहेस ना?" मग पर्समधून खळीची छोटी बाटली काढली, मला पुन्हा नखाएवढी खळ लावली आणि पुस्तक मिटून त्यावर थोडा वेळ हात ठेवला. नंतर कळले, त्या जिथे जिथे जात, तिथे हेच करत. त्या अंगठ्याची आठवण झाली, की मला आजही भरून येते. त्या पुन्हा काही आल्या नाहीत.

वर्षे गेली. साखर-मिठाचे ते औषध आयते पुड्यांत मिळू लागले, पुस्तक फक्त मानाचे उरले. कपाट उघडेनासे झाले आणि कसरीचे फावले. मी पुस्तकात होते खरे, पण सुटे.

मग एके दिवशी जुनी नामांकित पुस्तके संगणकावर चढवायचे ठरले. त्या कामावर एक तरतरीत ताई आली. स्कॅनिंगचा नियम असा, की पुस्तक आधी पाठीला धरून उलटे करायचे आणि झटकायचे. आत काही सुटे राहिले, तर त्याची सावली मजकुरावर पडते. ताईने पाण्याचे पुस्तक झटकले आणि मी पडले. तिने मला वाचले नाही. वाळलेली पाने, बसची तिकिटे, केसांची पिन असे सगळे ती एका बिस्किटांच्या डब्यात टाकत असे, तिथे मीही गेले. डब्याला झाकण नव्हते, एवढेच माझे नशीब. मला सगळे ऐकू येत होते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वहिनी होती. ताईने फोन टेबलावर ठेवला आणि बोलता बोलता पुस्तक पुसू लागली.

"अगं, बाळाला सकाळपासून जुलाब होतायत," वहिनीचा आवाज रडवेला होता. "अंगावरचंही नीट पीत नाही. तुझे दादा बाहेरगावी. दवाखाना संध्याकाळी उघडतो आणि घरातल्या पुड्या संपल्यात. काय करू गं?"

"घाबरू नकोस वहिनी. तुला गंमत वाटेल, माझ्यापुढे त्याचंच पुस्तक आहे! अख्ख्या जगाने मानलेलं. थांब, फोटो पाठवते. त्यात लिहिलंय तसं डोळे झाकून कर."

तिने तक्ता उघडला, फोटो काढला आणि पाठवून दिला. पाठवणारीने वाचला नाही. इतके मोठे पुस्तक, त्यात काय वाचायचे?

मित्रांनो, मी त्या डब्यात किती तडफडले म्हणून सांगू! ज्या एका क्षणासाठी माझा जन्म झाला, तो क्षण आला होता आणि मी केसांच्या पिनेखाली अडकून पडले होते. कागदाला ओरडता येत नाही. मी नुसते थरथरले. डब्यातले वाळलेले पान म्हणाले असेल, काय ही चुळबुळ!

ताईने काम सुरू केले. पानामागून पान दिव्याखाली जात होते. तक्त्याचे पान आले, तशी ती थांबली. त्या तिरप्या झगझगीत दिव्यात शिवणीपाशी एक तपकिरी पट्टी स्पष्ट उठून दिसत होती. वाळलेल्या खळीची पट्टी. ताई कितीही घाईची असली तरी आपल्या कामात कच्ची नव्हती. तिने पट्टीवरून बोट फिरवले. "इथे काहीतरी चिकटवलेलं होतं," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिची नजर डब्याकडे गेली.

तिने डबा टेबलावर उपडा केला, मला उचलले, पट्टीशी कड जुळवून पाहिली आणि वाचले. एकदा वाचले. तक्ता वाचला. पुन्हा मला वाचले. तिच्या हाताला सुटलेला घाम मला लागला.

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. "उचल गं वहिनी, उचल ना," असे म्हणत ती दारापर्यंत गेली आणि परत आली. मी तिच्या मुठीत होते. पलीकडे काय चालले असेल? पातेले, चमचा, वाटी, बाळाचे तोंड... मला पुढचा विचार करवेना.

"काय गं?" शेवटी वहिनी म्हणाली. "बाळाला पुसत होते."

"पाणी दिलंस का त्याला?"

"नाही अजून. उकळून गार व्हायला ठेवलंय. आता मीठच घालणार होते."

ताईने मूठ उघडून मला डोळ्यांपुढे धरले. "घालू नकोस. उलटं छापलंय ते. साखर सहा सपाट चमचे, मीठ फक्त अर्धा. आणि आधी तू चाख. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून दे. आणि दवाखाना उघडला की लगेच घेऊन जा त्याला."

"बाई गं! मला वाटलंच होतं मीठ जरा जास्त आहे. पण म्हटलं पुस्तकातलं आहे, तू पाठवलंयस, मी कोण मोठी शहाणी?"

बाळ बरे आहे, मित्रांनो. वहिनीने संध्याकाळी फोटो पाठवला. त्यात ते अंगठा चोखत होते. ग्रंथपाल काकांनी मला पुन्हा शिवणीपाशी चिकटवले, नखाएवढीच खळ लावून. त्या पानाचे आता दोन फोटो काढले आहेत, एक मी मिटलेले असताना आणि एक उघडलेले असताना. आणि पुस्तक झटकल्यावर जे पडेल ते आधी वाचायचे, असा नवा नियम ताईने स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर लावला आहे.

मग आता माझे काय बिनसले आहे? सांगते. फोन ठेवताना वहिनी चाचरत म्हणाली होती, "अगं, पण तो पहिला फोटो मी माझ्या आईला पाठवला होता. तिने तो मैत्रिणींना पाठवला. खूप आवडला म्हणे सगळ्यांना."

ताईने लगेच माझाही फोटो पाठवला. वहिनीने तो आईला पाठवला, आईने मैत्रिणींना. पण ते मानाचे जुने पान पुढे पाठवायची जेवढी हौस, तेवढी एका फाटक्या चिठोऱ्याची कोणाला असणार? डॉक्टरबाई असत्या, तर पर्समध्ये खळीची बाटली घेऊन घरोघर गेल्या असत्या. मला तर या पानावरून हलताही येत नाही.

म्हणून तुम्हाला विनवते, मित्रांनो. जुन्या पुस्तकातून चिठोरे पडले, तर वाचल्याशिवाय फेकू नका. आणि आज घरी गेलात, की आईचा, मावशीचा, आजीचा फोन जरा बघा. एका पिवळ्या पानाचा फोटो असेल. त्यात शिवणीपाशी एक तपकिरी पट्टी दिसेल आणि पट्टीशेजारी काहीच नसेल. तिथे मी असायला हवे होते. तो दिसला, तर त्यांना लगेच सांगा : साखर सहा सपाट चमचे, मीठ फक्त अर्धा, आणि बाळाला देण्याआधी स्वतः चाखा.