चार नंबरचं तेल

“आत कोणी पुरुष आहे का?” काउंटरवर दोन्ही पंजे टेकवून मिस्टर नोवॅकने विचारलं.

नंदाला हा प्रश्न नवा नव्हता. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधल्या त्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात ती तीन वर्षं काउंटरला उभी होती आणि हा प्रश्न तिने ‘गुड मॉर्निंग’इतक्या वेळा ऐकला होता. तो आला की ती निमूटपणे शेजारच्या वॉल्टकडे बोट दाखवायची. पण १९८७च्या एप्रिलमधल्या त्या शनिवारी वॉल्ट पाठ धरल्यामुळे घरी होता आणि मॅनेजर डेल जेवायला गेला होता. आज मीच आहे, असं ती म्हणाली. ते तिचं तिलाच जेमतेम ऐकू गेलं.

नोवॅक म्हणजे सव्वासहा फुटांचा माणूस. कारखान्यात चाळीस वर्षं टूलमेकर म्हणून काम करून निवृत्त झालेला. दर शनिवारी दुकानात यायचा, पण दोन वर्षांत त्याने नंदाच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आज इलाजच नव्हता. त्याच्याकडे १९६२ सालची, दोन माणसांपुरती हिरवी इंग्लिश स्पोर्ट्स कार होती. हिवाळाभर झाकून ठेवलेली गाडी त्याने नुकतीच बाहेर काढली होती. दुसरा गिअर अडतो, हळुवार पडायला हवा, तर गिअरबॉक्समध्ये कुठलं तेल घालू, असं तो विचारत होता.

नंदाने जाडजूड कॅटलॉग उघडला. गाडी इतकी जुनी की तिच्या ओळीत तेल किती दाट हवं एवढंच लिहिलं होतं. फळीवर तेवढ्याच दाटपणाच्या दोन बाटल्या होत्या. एकीवर चारचा आकडा, दुसरीवर पाचचा. सांगलीच्या शाळेत शिकलेल्या बाईने काय उचलावं? आकडा मोठा ते तेल चांगलं, म्हणून तिने पाचची बाटली पुढे ठेवली.

“तुमची खात्री आहे?” नोवॅकने पहिल्यांदाच तिच्याकडे बघत विचारलं.

“हो,” नंदा म्हणाली.

तीन वर्षांत वॉल्टकडे किंवा डेलकडे न बघता म्हटलेलं ते तिचं पहिलं ‘हो’. नोवॅकने मान डोलावली, आभार मानले आणि बाटली घेऊन गेला. त्या रात्री जेवताना नंदाने ही हकिगत नवऱ्याला दोनदा ऐकवली. दुसऱ्या वेळी विनयने निदान ऐकल्यासारखं केलं.

नंदा मुळात घाबरट. सोळा वर्षांपूर्वी लग्न होऊन अमेरिकेत आली तेव्हा ती सरकत्या जिन्याला घाबरली, मग टेलिफोनला, मग पोलिसांच्या गाडीला. अंगणातल्या खारीसुद्धा तिच्याकडे रोखून बघतात असं तिला वाटे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने तिच्या कपाळाकडे बोट दाखवून, तुम्हाला लागलंय का, असं विचारलं. तेव्हापासून ती दुकानात शिरल्याबरोबर टिकली काढून कॅटलॉगच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि संध्याकाळी निघताना पुन्हा कपाळावर लावायची. देशातून आलेलं टिकल्यांचं एक पाकीटही तिने काउंटरच्या खणात ठेवलं होतं.

अशा बाईने ही नोकरी धरली होती, कारण विनयची गेली होती. तो ड्राफ्ट्समन. सव्वातीन वर्षांपूर्वी कंपनीने एका दुपारी त्याच्यासह चाळीस जणांना घरी पाठवलं. आता तो विद्यापीठात नकाशे लावायचं तासांवरचं काम करायचा. घरातल्या तिघांचा डॉक्टरचा विमा नंदाच्या नोकरीवर चालत होता. तेरा वर्षांच्या दीपाला दमा होता, आणि विम्याशिवाय दमा ही काय चीज असते हे त्यांनी मधल्या दोन महिन्यांत बघितलं होतं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी दुकानात शुकशुकाट होता. नंदा फळीवरच्या बाटल्या पुसत होती. पाच नंबरच्या बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत काहीतरी होतं. तिने चष्मा वर करून वाचलं. गिअरबॉक्समधल्या कड्या पितळेच्या असतील तर हे तेल घालू नये. यातलं गंधक पितळ खातं. तिने धावत जाऊन कॅटलॉग उघडला. हिरव्या गाडीच्या सुट्या भागांच्या पानावर लिहिलं होतं, कड्या: पितळ.

पितळेला काय चालत नाही हे नंदाला सांगायला नको होतं. लहानपणी आत्याने एकदा कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवलं होतं. ते कळकलं आणि सगळं घर दोन दिवस ओकत होतं. त्या ताकाचा हिरवट रंग आणि तोंडावर येणारा तो वास तिला मिशिगनमधल्या त्या दुकानात, तेलाच्या फळीसमोर, जसाच्या तसा आला.

ती डेलकडे गेली आणि अडखळत सगळं सांगितलं. डेल वाईट माणूस नव्हता. तोही वरच्या साहेबाला घाबरून असायचा. त्याने ऑफिसचं दार लावून घेतलं. गिऱ्हाइकाची तक्रार आली का? नाही ना? मग आपण तोंड उघडायचं नाही. चूक आपली, असं दुकानातल्या माणसाने कबूल केलं की उद्या वकिलाची नोटीस येते. कंपनीचा नियमच आहे, असं करणाऱ्याला थेट घरी पाठवायचं. “तू मला काही सांगितलं नाहीस, मी काही ऐकलं नाही,” तो म्हणाला.

शनिवारी नोवॅक आलाच नाही. दोन वर्षांत न चुकलेला माणूस चुकला. दर वेळी दाराची घंटा वाजली की नंदा हातातलं काम सोडून दाराकडे बघायची. तिच्या डोळ्यांपुढे ती हिरवी गाडी कुठल्यातरी उतारावर गिअर अडकून उभी होती आणि मागून ट्रक येत होता. संध्याकाळी तिने दुकानाच्या ऑर्डरवहीतून उतरवून आणलेल्या त्याच्या पत्त्याखालचा नंबर फिरवला. पलीकडून जाड आवाजात “हॅलो” आलं आणि तिने फोन ठेवून दिला. अर्ध्या तासाने पुन्हा केला आणि पुन्हा ठेवला. आता तो माणूस पोलिसांना कळवेल, अशी आणखी एक भीती त्यात जमा झाली.

“नंदा, गिअरबॉक्स त्याचा आहे, इन्शुरन्स आपला आहे,” विनय म्हणाला. “कशाला अंगावर ओढवून घेतेस? दीपाचा तरी विचार कर.”

“माझं नाव नको हं मध्ये,” दीपा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. “आई, यू हॅव टू टेल हिम.”

तिच्या छातीतून बारीक शीळ येत होती. नंदाला ती रात्रभर भिंतीपलीकडून ऐकू येत राहिली.

रविवारी सकाळी पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. विनय अजून अंथरुणात होता. नंदाने स्वतःच्या पैशांनी घेतलेली चार नंबरची बाटली पिशवीत टाकली आणि गाडी काढली. हायवेवर जायची छाती नव्हती, म्हणून आतल्या रस्त्याने ताशी पंचवीस मैलांच्या वेगाने नोवॅकच्या गावाच्या, डेक्स्टरच्या दिशेने निघाली. मागचे लोक हॉर्न देत होते. ती प्रत्येक हॉर्नला “सॉरी” म्हणत होती.

नोवॅकचं घर सापडलं. गॅरेजचं दार उघडं होतं आणि आत हिरवी गाडी अख्खी उभी होती, हे बघून तिला रडू यायचं बाकी राहिलं. नोवॅक स्टुलावर बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवून तो बोटं मिटत होता, उघडत होता. तिला बघून उठला नाही.

वाटेत पाठ केलेली वाक्यं नंदा सगळी विसरली. पिशवीतून बाटली काढून तिने समोर धरली. “मिस्टर नोवॅक, मी तुम्हाला चुकीचं तेल दिलं. हे बरोबर आहे. तुमच्या गाडीत पितळेच्या कड्या आहेत आणि ते तेल पितळ खातं. मला माहीत नव्हतं, आणि खात्री आहे असं मी म्हणाले.”

दुकानाने पाठवलं का, असं त्याने विचारलं. नाही, नंदा म्हणाली, दुकानाने जाऊ नको म्हणून सांगितलं होतं.

“काल दोनदा फोन करून ठेवला, तो तुम्हीच?”

नंदाने मान डोलावली. आता हा ओरडणार, म्हणून तिने पिशवी छातीशी घट्ट धरली.

“आठवडाभर दुसरा गिअर टाकताना करकरतोय,” नोवॅक म्हणाला. आवाज खाली गेला होता. “आधी अडायचा, आता ओरडतो. मला वाटलं, माझा हात गेला. माझ्या वडिलांचा असाच गेला होता, आधी उजवा. मंगळवारी डॉक्टरकडे जायचंय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.”

आपण घाबरलो ते ठीक, पण एवढा मोठा माणूस आठ दिवस आपल्या एका आकड्यापायी स्वतःच्या हाताला घाबरून बसला होता. नंदाला त्याची आणि स्वतःची एकदमच कीव आली.

नोवॅक गाडीखाली शिरला. जुनं तेल पसरट भांड्यात उतरलं तेव्हा त्याने ते बाहेर सरकवलं आणि टॉर्च मारला. काळपट तेलात सोनेरी कण चमकत होते. नंदाने ते लगेच ओळखलं. पितळच ते. हे माझ्यामुळे झालं का, असं तिने विचारलं.

“ही झीज पंचवीस वर्षांची आहे. तुमचं तेल आठ दिवसांचं,” तो गाडीखालून म्हणाला. त्याचं तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे तो खरं बोलत होता की तिचं मन राखत होता हे नंदाला कधीच कळलं नाही.

नवं तेल घालून त्याने तिला शेजारी बसवलं आणि घरासमोरच्या रस्त्यावर गाडी काढली. पहिला गिअर. मग त्याने क्लच दाबला आणि हात दांड्यावर ठेवून क्षणभर थांबला. नंदाने डोळे मिटून घेतले. दुसरा गिअर आवाज न करता पडला. त्याने पुन्हा टाकला, आणखी एकदा टाकला. पाच नंबरचं तेल फार निसरडं असतं, तो म्हणाला, कड्यांना थोडी पकड लागते. मग त्याने हात दांड्यावरून काढून डोळ्यांपुढे धरला आणि नुसता बघत बसला.

सोमवारी तो दुकानात आला. वॉल्ट कामावर परतला होता आणि त्याच्यापुढे एकही गिऱ्हाईक नव्हतं. वॉल्टने हाक मारली तरी तो नंदाच्या रांगेत दोन माणसांच्या मागे उभा राहिला. नंबर आल्यावर काही विकत न घेता, डेलला बोलावून म्हणाला, ही बाई बर्फातून माझ्या घरी आली आणि आपली चूक सांगून गेली. असं माणूस तुमच्याकडे आहे हे तुम्हाला ठाऊक असावं. नंदा डोळ्यांनी त्याला थांब म्हणत होती. पण तिच्या डोळ्यांची भाषा वाचायची सवय त्याला कुठून असणार? तो फार मनापासून बोलत होता. डेलने हसून हस्तांदोलन केलं, आणि नोवॅक गेल्यावर तिच्याकडे बघितलं नाही.

दुपारी त्याने तिला ऑफिसात बोलावलं. दुकानातली चार माणसं ऐकत होती, वर कळणारच, माझा नाइलाज आहे, असं तो टेबलाकडे बघत म्हणाला. शुक्रवारपर्यंत काम कर. विमा महिनाअखेरपर्यंत चालेल. नंदाने “थँक यू” म्हटलं. कशाबद्दल, ते तिला गाडीत बसल्यावरही सुचेना.

विनय रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने दीपाच्या औषधाचे पंप मोजले आणि कपाट बंद केलं.

शुक्रवारी पाच वाजता गर्दी ओसरली. नंदाने खणातलं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि कॅटलॉग पहिल्या पानापासून चाळायला घेतला. जिथे जिथे पितळेच्या कड्यांचा गिअरबॉक्स होता त्या ओळीपुढे तिने एकेक लाल टिकली चिकटवली आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, लाल ठिपका असेल तर चार नंबरचंच तेल. तिच्या जागी येणारी पोर तरी फसायला नको. शेवटची ओळ आली तेव्हा पाकीट रिकामं झालं होतं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला सकाळी काढून ठेवलेली तेवढी एक उरली होती.

दाराची घंटा वाजली. लाल टोपी घातलेला एक माणूस काउंटरकडे येत होता. नंदाने पुठ्ठ्यावरची टिकली उचलली आणि आरशावाचून अंदाजाने कपाळावर लावली.

“आत कोणी पुरुष आहे का?” त्या माणसाने विचारलं.

“आहेत,” नंदा म्हणाली. “पण सहा वाजेपर्यंत मी आहे. बोला, कुठली गाडी?”