एका मोबाइलवर दोघी बहिणी

मित्रांनो, मेहकरकडच्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात, खिडकीशेजारी बसलेला मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा घरघरतो, दुपारी डुलकी लागते आणि डुलकीत मला नावं दिसतात. प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलामुलीचं नाव माझ्याच पोटात आहे ना!

नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! खंडेनवमीला हळदकुंकू, झेंडूचा हार. कार्यालयातल्या छायाताईंनी जुन्या साडीचं आच्छादन शिवलं. पुढे नवी यंत्रं आली, हार तिकडे गेले आणि माझ्यावर धूळ साचली.

यंदा मात्र मला पुन्हा मान मिळाला. ऑनलाइन धडे आणि चाचण्या ज्या पोर्टलवर असतात, त्याच्याशी मला जोडलं. पूर्वी छायाताई नावं माझ्यात भरायच्या, मग तिकडे पुन्हा भरायच्या. आता मीच ती पाठवू लागलो. डुलकीत वाटे, नावं पाखरांच्या थव्यासारखी उडत चालली आहेत. नाव कोणाचं हे ओळखायची खूण ठरली प्रत्येकाचा मोबाइल नंबर. मी तर हवेतच होतो.

एका दुपारी डोणगावची फलक नावाची मुलगी अब्बांचा मोबाइल मुठीत धरून रडवेली होऊन आली.

“मॅडम, चाचणी आज संध्याकाळी बंद होते, अन् माह्यं नावच नाही तिथं! राबियाआपाचेच धडे दिसून राह्यले.”

राबिया तिची थोरली बहीण, इथेच शेवटच्या वर्षाला.

“काऊन वं? नंबर कोनाचा देला?” छायाताईंनी विचारलं.

“अब्बाचा. दोघींनीबी. घरात मोबाइलच एक हाय.” मग ती हळूच म्हणाली, “आपाच्या नावानं देऊ का चाचणी?”

“नाही पोरी. अभ्यास तुहा, तं नावबी तुहंच पाह्यजे.”

एक नंबर म्हणजे एक माणूस, असं समजून पोर्टलने दोघींची एकच मुलगी करून टाकली होती. इकडे घरभर एकच मोबाइल फिरतो, हे ना मला सुचलं, ना जोडणाऱ्यांना. मला फार वाईट वाटलं.

छायाताईंनी पोर्टलवाल्यांना फोन लावला आणि खूण बदलून घेतली. आता नंबराऐवजी प्रत्येकाचा प्रवेश क्रमांक. ऊन कलताना मी फलकचं नाव पुन्हा पाठवलं. तिने तिथेच बाकावर बसून चाचणी दिली आणि जाताना माझ्यावरची धूळ ओढणीने पुसली.

लवकरच माझ्या जागी नवं यंत्र येईल आणि मला अडगळीच्या खोलीत नेतील. नेऊ देत. पण मित्रांनो, त्या नव्या यंत्रात नावं भराल, तेव्हा त्या नावाचं माणूस आणि त्याचं घर एकदा डोळ्यांसमोर आणा. मी अंधारात डुलकी घेईन आणि बघत राहीन, एकाच मोबाइलवरून दोघी बहिणी आपापल्या नावाने आत जाताना.