नराच्या पोटातली अंडी

“डोळा लावा ना साहेब. काय दिसतंय ते मोठ्यानं सांगा,” बाई म्हणाल्या.

नदीच्या प्रदूषणाची चौकशी करणाऱ्या समितीच्या खोलीत मायक्रोस्कोप त्यांनीच उचलून आणला होता. समोरचे साहेब पूर्वी मत्स्य प्रयोगशाळेचे प्रमुख होते, आता कापड धुण्याच्या कारखान्याचे सल्लागार. बाई त्याच प्रयोगशाळेत मासे कापायच्या. अकरा वर्षांपूर्वी कारखान्याच्या नाल्याजवळचे नर कापताना त्यांना वृषणात अंडी दिसली. धुलाईचं रसायन नदीत उतरतं आणि माशाच्या शरीराला ते मादीचं संप्रेरक वाटतं, हे त्यांनी वाचून काढलं, अहवाल लिहिला. साहेबांनी तो सगळ्यांदेखत फाडला.

“बाई, तुम्हाला अजून नर-मादी कळत नाही?”

सगळे खो खो हसले. बाईंच्या नशिबी बाटल्या धुणं आलं आणि ‘मादीबाई’ हे नाव कायमचं चिकटलं.

बाईंनी राग गिळला, पण पचवला नाही. दर महिन्याला सुट्टीच्या दिवशी नदीच्या त्याच वळणावरून नर मासा आणायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत उपाशी राहून त्याच्या वृषणाचा काप काचपट्टीवर लावून पेटीत ठेवायचा. समितीला नुसती ती पेटी दिली असती तरी भागलं असतं. पण बाईंना हे साहेबांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

साहेब वाकले. “नीट दिसत नाही.”

“स्क्रू मी फिरवते. आता?”

“नराचं वृषण आहे.”

“आणि आत?”

साहेबांनी समितीच्या अध्यक्षबाईंकडे पाहिलं. त्या पेन उघडून बसल्या होत्या.

“अंडी,” ते पुटपुटले.

“ऐकू नाही आलं.”

“अंडी आहेत!”

“ही पहिली. अजून एकशे एकोणीस आहेत,” म्हणत बाईंनी पट्टी बदलली.

चाळिसाव्या पट्टीला साहेबांची मान अवघडली. अध्यक्षबाई म्हणाल्या, “पुरे बाई, नोंद झाली.”

“मी दहा वर्षं बघितलंय, मॅडम. यांना एक दुपार जड जाते?”

संध्याकाळपर्यंत साहेब “अंडी... अंडी...” म्हणत राहिले. पेटीतले शेवटचे बारा खण मात्र रिकामे होते.

“ह्या पट्ट्या कुठायत?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“गेल्या वर्षीच्या. त्या वळणावर वर्षभर मासाच मिळाला नाही.”

साहेब उठू लागले.

“बसा,” बाई म्हणाल्या. “हेही बघा.”

त्यांनी मायक्रोस्कोपखाली काहीच ठेवलं नाही. साहेबांनी मुकाट्यानं डोळा लावला. खाली नुसता पांढरा उजेड होता.