लिंबू ठरलेली टपालगाडी

मित्रांनो, माझ्या नावाला एक फळ कायमचं चिकटलं आहे. आंबा असता तर मिरवलं असतं, पण ते आहे लिंबू. तुमच्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात म्हणे. आमच्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नवीकोरी गाडी सारखी बिघडायला लागली की गाडीलाच लिंबू म्हणतात. मी त्यातलीच एक टपालगाडी. आता पाच वर्षांची झाले, काचेवर दोन ओरखडे आहेत, आणि बोलायला लागले की थांबत नाही. तेव्हा सांगूनच टाकते.

मी एका मोठ्या कारखान्यात जन्मले. त्या दिवशी माझ्या पुढेमागे शेकडो बहिणी होत्या, पण सगळ्यांचं स्टिअरिंग डावीकडे आणि माझं एकटीचं उजवीकडे. तुम्हाला त्यात काय नवल! आमच्याकडे मात्र गाड्या रस्त्याच्या उजव्या कडेने धावतात आणि खेड्यापाड्यांत टपालाचे डबे त्याच कडेला खांबांवर बसवलेले असतात. टपालवाल्याला खाली न उतरता खिडकीतून डब्यापर्यंत हात नेता यावा, म्हणून ही उलटी मांडणी. मला वाटलं, आपण कुणी खास आहोत. गर्वाचं घर खाली होतं हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

मला घेतलं आर्डिस हॉगनबाईंनी. वय सत्तावन्न, अंगाने भक्कम, पायात कायम बर्फातले बूट. तेवीस वर्षं त्या एकाच मार्गावर टपाल वाटत होत्या. डबे चारशे बारा, आणि प्रत्येक डब्यामागचं माणूस त्यांना तोंडपाठ. आमच्या ग्रामीण टपालात गाडी ज्याची त्याने आणायची असते. त्यांच्या आधीच्या गाडीचा तळ बर्फावर टाकायच्या मिठाने पार खाऊन टाकला होता, म्हणून आठ महिने वाट पाहून त्यांनी मला आणलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझं स्टिअरिंग थोपटलं आणि म्हणाल्या, "तसं काही वाईट नाही."

मी मनातून खट्टू झाले. एवढी नटूनथटून आले आणि हे कौतुक! मागाहून कळलं, त्या गावात यापेक्षा मोठं कौतुक कुणी करतच नाही. आणि यापेक्षा मोठी तक्रारही करत नाही. दाढ ठणकत असली तरी "तसं काही वाईट नाही", वादळात गोठ्याचं छप्पर उडालं तरी "तसं काही वाईट नाही". तक्रार करणं म्हणजे पाहुण्याच्या ताटातली पोळी उचलण्यासारखं समजतात तिथे.

फेब्रुवारीत, आणून तिसराच आठवडा, मी एमिल व्होय्टांच्या डब्यापुढे धाप्पकन बंद पडले. इंजिन गेलं, दिवे गेले, हीटरही गेला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. एमिलकाका म्हणजे ऐंशीचे, जन्मभर चीज बनवलेले, जिभेला हाड नसलेले. ते दारातून काठी टेकत आले.

"काय गं आर्डिस, नवी नवरी पहिल्याच सणाला रुसली?"

"होईल चालू. याहून वाईट होऊ शकलं असतं, काका."

"होऊ शकलं असतं ना. मी बाहेर आलो नसतो तर उद्या सकाळी पत्रांबरोबर तुलाही खरवडून काढावं लागलं असतं. चल आत, कॉफी घे."

दहा मिनिटांनी मी आपोआप चालू झाले. आणि त्यानंतर हा खेळ रोजचाच झाला. कधी चाळिसाव्या डब्याशी, कधी तीनशेव्या. एकदा तर दूध नेणारा मोठा ट्रक मागून येत असताना, चढावावरच्या डब्याशी. त्याने कसाबसा ब्रेक लावला. बाईंनी त्या ड्रायव्हरची माफी मागितली. माझ्यामुळे त्यांनी माफी मागावी, याची मला फार लाज वाटली.

वॉरंटी होतीच. विक्री केंद्रात दुरुस्तीच्या खिडकीवर कर्ट बसायचा. लहानपणी तो चर्चच्या रविवारच्या शाळेत बाईंच्या हाताखाली शिकलेला, म्हणून चाळिशी आली तरी त्यांना 'बाई'च म्हणायचा. बाई रिकाम्या हाताने कधी गेल्या नाहीत. सोबत रुबार्ब नावाच्या आंबट देठांचा केक असायचा. दोघं कॉफी पीत, हवेबद्दल बोलत, मग कर्ट म्हणे, "आणा बाई, नजर टाकतो. कागदबिगद कशाला, आपण काय परके?" तो मला हमरस्त्यावर एक फेरी मारून आणायचा. मी सशासारखी पळायचे. तीन वेळा असं झालं. चौथ्यांदा आणि पाचव्यांदा त्याने कागद केला, पण नियमाप्रमाणे वर ग्राहकाचे शब्द लिहावे लागतात. त्याने विचारलं, "काय लिहू बाई?"

"लिही की, अधूनमधून थांबते. तसं काही वाईट नाही रे."

त्याने तेच लिहिलं. खाली लिहिलं, तक्रार आढळली नाही.

मार्चअखेर पोस्टमास्तर लायल बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "आर्डिस, तू मला बहिणीसारखी. पण गेल्या महिन्यात नऊ दिवस टपाल अंधार पडल्यावर पोचलं. एक मेपर्यंत भरवशाची गाडी दिसली नाही, तर मार्ग दुसऱ्याला द्यावा लागेल. वरून पत्र आलंय, माझा इलाज नाही."

"चालायचंच," बाई म्हणाल्या. मग माझ्यात येऊन बसल्या आणि किल्ली न फिरवता बराच वेळ डोळे पुसत राहिल्या. तेवीस वर्षांचा मार्ग माझ्यापायी जाणार होता. मित्रांनो, यंत्राला रडता येत नाही, ही फार मोठी गैरसोय आहे.

त्याच दिवशी एमिलकाकांनी डब्यापाशीच त्यांना गाठलं. त्यांनी वाचनालयातून राज्याचा लिंबू कायदा आणून वाचला होता.

"ऐक. पहिल्या वर्षात त्याच बिघाडासाठी चार वेळा दुरुस्तीला नेली आणि तरी नीट झाली नाही, तर कंपनीने बदलून द्यायची. तू किती वेळा गेलीस?"

"पाच."

"शाब्बास. कागद किती?"

"दोन."

"आणि बाकीचे तीन?"

"केक नेला होता," बाई हळूच म्हणाल्या.

काकांनी ते दोन कागद वाचले आणि कपाळावर हात मारला. "अगं, 'तसं काही वाईट नाही' असं तूच लिहून दिलंस! कंपनीचा वकील हा कागद चौकटीत लावेल. उद्या जा. केक न्यायचा नाही. कागद घेतल्याशिवाय उठायचं नाही. आणि वाईटाला वाईट म्हणायचं."

"कर्टला काय वाटेल?"

"कर्टला केक नाही मिळाला याचं वाईट वाटेल. जा."

त्या आठवड्यात बाई माझ्यात बसून एकट्याच सराव करायच्या. "ही गाडी वा..." एवढं म्हणायच्या आणि डॅशबोर्डाकडे अशा बघायच्या, जणू मी ऐकतेय. मी ऐकतच होते की! मनात म्हणत होते, म्हणा हो बाई एकदाचं. मला काही होत नाही. खरं सांगू? होत होतं थोडं.

त्या दोनदा गेल्या, दोन कागद घेऊन आल्या. कर्ट कानकोंडा झाला, पण बाईंचेच शब्द त्याने लिहिले: रोज बंद पडते, धोका आहे. कागद चार झाले. कंपनीने पत्र पाठवलं की पहिल्या दोन कागदांवर ग्राहक स्वतः समाधानी दिसतात. मग एप्रिलच्या वीस तारखेला सुनावणी लागली. निवाडा करायला मार्सेला क्विंट नावाच्या बाई आल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. कंपनीकडून गुळगुळीत दाढी केलेले एक गृहस्थ. सगळे माझ्याभोवती उभे राहिले. एवढी माणसं माझ्याभोवती जन्मापासून जमली नव्हती.

क्विंटबाईंनी सरळ विचारलं, "गाडी कशी आहे?"

बाईंचे ओठ सवयीने हलले. एमिलकाकांनी काठी जमिनीवर आपटली. बाईंनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला, आणि म्हणाल्या, "वाईट आहे. रोज वाईट आहे. मला तिची भीती वाटते, आणि माझं काम जाईल."

लख्ख ऐकू आलं मला. आणि काय सांगू, वाईट वाटायच्या ऐवजी छातीवरचा दगड उतरला. माझं दुखणं कुणीतरी पहिल्यांदाच पूर्ण सांगितलं होतं.

"चालवून बघू," क्विंटबाई म्हणाल्या. त्या डावीकडे बसल्या, कंपनीवाले मागे. बाई सुनावणीसाठी चर्चला जायच्या कपड्यांत, ताठ बसलेल्या. त्या दिवशी टपाल नव्हतं, म्हणून आम्ही डब्यांसमोर नुसतंच थांबत गेलो. पन्नास डबे झाले, शंभर झाले. मी अशी गुळगुळीत चालले की मलाच माझा राग आला. मेली, एरवी डोंगराएवढा तमाशा, आणि आज शहाणी झालीस? मागून कंपनीवाले म्हणाले, "झकास चालतेय की."

मग एका डब्याचं झाकण उघडं दिसलं. आमच्या बाईंचा नेम होता, उघडं झाकण दिसलं की ते लावायचंच, नाहीतर आत बर्फ साचून कुणाचं तरी पत्र भिजतं. समोर निवाडा होता, मार्ग जायची वेळ आली होती, तरी त्यांनी सवयीने गाडी थांबवली, खिडकीतून कमरेपर्यंत कलल्या आणि झाकण लावलं.

मी धाप्पकन बंद पडले.

मग क्विंटबाईंनी चष्मा वर सरकवला. "पुन्हा तशाच कला बघू."

दहा मिनिटांनी मी चालू झाले. बाई कलल्या. मी बंद.

"टपाल वाटताना दिवसातून किती वेळा कलता तुम्ही?"

"चारशे बारा वेळा."

"आणि दुरुस्तीवाला किती वेळा कलला?"

"तो कशाला कलेल? तो ताठ बसून हमरस्त्यावर नेतो."

कंपनीवाल्यांनी हनुवटी खाजवली. निकाल तिथेच लागला. अठ्ठावीस एप्रिलला बाईंच्या दारात दुसरी, उजव्या स्टिअरिंगची गाडी उभी राहिली आणि मार्ग वाचला. मला न्यायला ट्रक आला तेव्हा बाईंनी माझ्यातले रबरी पट्टे, हातमोजे, कुत्र्यांसाठी ठेवलेली बिस्किटं असं सगळं काढून घेतलं. एक बिस्किट खणात मुद्दाम ठेवलं. म्हणाल्या, "मी तुला वाईट म्हटलं, रागावू नकोस. न बोलता तुला वापरत राहिले असते, तर तुझ्यासकट मी गेले असते." मग त्या रडल्या आणि हसल्याही, एकदमच.

पुढे माझी रवानगी मोटार दुरुस्ती शिकवणाऱ्या कॉलेजात झाली. तिथल्या पोरापोरींनी उजवी सीट उचकटली आणि काय निघालं? सीटच्या पट्टीखाली चिमटलेली, बोटाएवढी एक वायर. चालक उजवीकडे कलला की कधी ना कधी पट्टी नेमकी तिच्यावर बसायची आणि माझा श्वास कोंडायचा. वीस मिनिटांचं काम होतं. वायर बदलली, जागेवर बांधली, आणि तेव्हापासून मी एकदाही बंद पडलेले नाही. परवा त्यांनी मला विकायला काढलं.

आमच्या राज्यात परत आलेल्या गाडीच्या कागदावर तसा शिक्का मारतात, आणि विकणाऱ्याला तो गिऱ्हाइकाला दाखवावाच लागतो. सुरुवातीला मी त्या शिक्क्याने खाली मान घालायचे. आता विक्रीच्या पटांगणात उभी राहून बघते, तर शेजारच्या गाड्यांबद्दल विकणारा नुसतं गोडगोड बोलतो. माझ्यापाशी आला की त्याचा नाइलाज होतो. काय बिघडलं होतं, का बिघडलं होतं, काय दुरुस्त केलं, सगळं सांगावं लागतं. अख्ख्या पटांगणात खरी ओळख असलेली गाडी मी एकटीच आहे.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं. तुमच्या घरची वस्तू कुरकुरली, तर भिडेपोटी गप्प बसू नका आणि चिडून तिला लाथही मारू नका. काय होतं, कधी होतं, तुम्ही तेव्हा काय करत होता, ते नीट सांगा आणि लिहून घ्या. आणि तुमच्यापैकी कुणी उद्या दुरुस्तीच्या खिडकीवर बसलात, तर 'तक्रार आढळली नाही' असं लिहायच्या आधी एकदा त्या माणसाच्या जागेवर बसा, आणि तो वळतो तसं वळून बघा.