बोलक्या पुस्तकांची लोखंडी पेटी

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. नाव ऐकून बिचकू नका. आजूबाजूच्या संगणकांनी आपापल्या फायली जिथे आणून ठेवायच्या आणि लागतील तेव्हा मागून घ्यायच्या, अशी एक करडी लोखंडी पेटी म्हणजे मी. मला उचलायला दोन माणसे लागतात. पाठीला दोन पंखे आहेत, कपाळावर दिव्यांची एक ओळ आहे, आणि पोटात पाच डिस्क आहेत. तोंड म्हणाल तर नाही. कान मात्र तिखट आहेत, आणि स्वभाव जन्मापासून भोचक. खोलीत दोन माणसे बोलू लागली की ती काय बोलतात हे ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. जन्मल्या जन्मल्या लाड होतील असे वाटले होते, पण मला एका तापलेल्या खोलीत कोंडून जीव जाईस्तोवर राबवले. त्या खोलीत जी पेटी टिकेल तीच बाहेर विकायला जायची. मी टिकलो. मग माझ्या पोटात एकेक करून पाच डिस्क सरकवल्या. डिस्क म्हणजे चकचकीत तबकडी; ती गरगर फिरते आणि तिच्यावरून, केसाहूनही कमी अंतर राखून, एक इवलीशी सुई धावते. तिथेच मला माझ्या कामाची रीत कळली, आणि तिचे कोडे मला पुढे कितीतरी वर्षे सुटले नाही.

मला वाटायचे, एका डिस्कवर एक फाइल, दुसरीवर दुसरी, असा सरळ कारभार असेल. तसे नव्हते. एकाच फाइलीचे तुकडे करून चौघींत वाटायचे आणि पाचवीजवळ त्या चार तुकड्यांची बेरीज ठेवायची. बेरीज सांभाळण्याची पाळी आळीपाळीने सगळ्यांवर येई. एखादी डिस्क मेली, तर बेरजेतून उरलेल्या तिघींचे तुकडे वजा करायचे, की गेलेला तुकडा हाती येतो. फार हुशारीची सोय आहे ही. पण दोघी गेल्या की गणित संपले. आणि यात एक गंमत होती. पाचांपैकी कोणत्याही डिस्कला एक पुरे वाक्यसुद्धा ठाऊक नसे. मग माझ्या पोटात नेमके काय आहे, हे मला सांगणार कोण?

मी आलो तो बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयात. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी इथे पुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात. वाचनालय सांभाळणारे भाऊ स्वतः जन्मापासून अंध. त्यांची पत्नी पुस्तके वाचायची. ऐकणारे सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणतो. भिंतीपलीकडच्या खोलीत, दारावर लाल दिवा लावून, मावशी वाचत बसायच्या. मग ती फाइल माझ्याकडे यायची आणि भाऊ माझ्या शेजारच्या टेबलाशी बसून, कानांवर हेडफोन चढवून, ती तपासायचे.

"अगं, हा माणूस दारातून आत आला म्हणतेस," भाऊ एकदा म्हणाले, "पण तो बाहेर गेला कधी?"

"अहो, ते लिहिणाऱ्याला विचारा. मी फक्त वाचते."

"पान गाळलंयस तू."

मावशींनी पुस्तक चाळले. पान गळले होते. त्या परत आत गेल्या, आणि भाऊ स्वारी जिंकून आलेल्या राजासारखे खुर्चीत रेलले. हे असे रोज चालायचे. गळलेले पान कोणते, त्या माणसाचे पुढे काय झाले, हे मला जाणून घ्यायचे असे; पण हेडफोनमधले बाहेर थोडेच ऐकू येते? जाड भिंतीतून मावशींचे शब्दही माझ्यापर्यंत पोचत नसत. पोट भरलेले आणि चव ठाऊक नाही, अशी माझी गत.

भिंतीतून शब्द येत नसले तरी माझ्या पंख्यांची घरघर मात्र पलीकडे जायची. जाड भिंत बोलणे अडवते, घरघर तिला अडवता येत नाही. "तुमची पेटी दमेकऱ्यासारखी धापा टाकते," असे म्हणत मावशींनी एक जुनी रजई आणली आणि वाचन सुरू असेपर्यंत ती माझ्यावर टाकून ठेवू लागल्या. आतून मी उकडून निघायचो. पण त्या घरात शांततेला फार मान होता. खुर्ची करकरली तर तिला तेल मिळायचे, दार वाजले तर त्याला फडके बांधायचे. मग मी तरी तक्रार कशी करणार?

तक्रार करायला माझ्याकडे एकच साधन होते. डिस्क मेली की टीं टीं करणारी एक बारीक शिट्टी. उकाड्याने माझी एक डिस्क मेली, आणि ती शिट्टी वाजू लागली. मावशी एका प्रकरणाच्या ऐन मध्यात होत्या. त्या तरातरा आल्या, रजई उचलली, आवाज कुठून येतो ते कान लावून शोधले आणि त्या जाळीत कापसाचा बोळा कोंबून वर चिकटपट्टी लावली.

"वायरकाकांना सांगायला हवं," त्या भाऊंना म्हणाल्या. "पेटी काहीतरी कुरकुरतेय."

वायरकाका म्हणजे मला तपासायला येणारे दुरुस्तीवाले. गळ्यात सदैव वायरींची भेंडोळी, म्हणून हे नाव. पण सांगायचे राहून गेले, कारण त्याच सुमारास मावशींचा घसा बसू लागला. आधी काढे झाले, मग डॉक्टर, मग मोठे डॉक्टर, आणि शेवटी शस्त्रक्रिया. माझ्या कपाळावर लाल दिवा लागलेला होता. पण भाऊंना दिवा दिसत नव्हता आणि मावशी दवाखान्यात होत्या.

मावशी बऱ्या होऊन घरी आल्या, पण आवाज गेला तो गेलाच. उरली फक्त कुजबुज. जेमतेम शेजारी बसलेल्याला ऐकू येईल इतकी. भाऊ त्यांची थट्टा करत. "आता भांडणात मीच जिंकणार," म्हणत. मावशी त्यांच्या हातावर चापट मारत. पण संध्याकाळी वाचनालय बंद झाले की भाऊ एकटे माझ्याजवळ येऊन बसत, एक फाइल मागून घेत, हेडफोन चढवत आणि कितीतरी वेळ हलत नसत. मला आधी कळेना, तपासून झालेल्या फायली हे पुन्हा का तपासतात? मग उमगले. भाऊंनी मावशींचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्यासाठी तो आवाज हाच मावशींचा चेहरा होता, आणि तो आता माझ्याशिवाय दुसरीकडे कुठेच नव्हता.

आणि मी तर चार डिस्कवर कसाबसा उभा होतो. हे मला ठाऊक होते आणि सांगता येत नव्हते; आवाज गेल्यापासून मावशी माझ्या खोलीत फारशा फिरकत नसत, त्यामुळे लाल दिवाही कुणाला दिसला नाही. मित्रांनो, याहून वाईट अवस्था मला माहीत नाही.

एके सकाळी भाऊंनी फाइल मागितली, आणि माझी आणखी एक डिस्क अडखळली. सुई एकाच जागी घासू लागली. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, मग नाइलाजाने तिलाही बाजूला काढले आणि सगळा कारभार थांबवला.

"अगं, फाइल उघडत नाहीये," भाऊ म्हणाले. त्यांनी दुसरी मागितली, तिसरी मागितली. मग त्यांनी मला बंद करून पुन्हा चालू केले. सगळेच तसे करतात. पण आजारी डिस्कला दर वेळी उठून फिरायला लावणे म्हणजे पाय मोडलेल्याला जिना चढायला लावणे. ते आणखी एकदा बटण दाबणार, इतक्यात मावशींनी त्यांचा हात धरला आणि फोन पुढे केला. वायरकाकांना कुजबुज ऐकू जाईना, म्हणून भाऊच बोलले.

"बंद आहे ना? बंदच ठेवा," पलीकडून वायरकाका म्हणाले. "कुणीही हात लावू नका. मी निघालोच."

ते आले. माझे झाकण उघडून ते वाकले आणि त्यांना तो बोळा दिसला. त्यांनी तो चिमटीत धरून वर काढला.

"हे काय?"

मावशी कुजबुजल्या, "मीच कोंबलाय. वाचताना वाजत होतं."

मावशींचा चेहरा उतरला होता. भाऊ म्हणाले, "दुसऱ्याला गप्प बसवायची खोड हिला पहिल्यापासूनच." ते हसायला गेले, पण हसू आले नाही. "वायरकाका, खरं सांगतो, मला भीती वाटतेय. हिचा आवाज आहे त्यात."

"अजून आशा आहे, भाऊ," वायरकाका म्हणाले. "एक केव्हाच मेलीय. तिच्यात जुनाच माल असणार, ती कामाची नाही. दुसरी नुसती आजारी आहे. ती पुरती जायच्या आत तिची नक्कल उतरवून घ्यायची. मग गणित पुन्हा जुळेल."

त्यांनी मला एकदाच चालू केले. पडद्यावर आले: डिस्क तीन आजारी. वायरकाकांनी माझ्या पोटातल्या कप्प्यांवरचे आकडे पाहिले. ते आकडे मावशींनी चिकटवले होते. भाऊंना बोटांनी वाचता यावेत म्हणून उठावाच्या ठिपक्यांचे, आणि शेजारी शाईने. वायरकाकांनी तीन आकड्याच्या कप्प्याला हात घातला. मी आतून ओरडत होतो, पण माझा आवाज म्हणजे ती शिट्टी, आणि ती एकाच सुरात सगळ्यांबद्दल वाजते.

भाऊ शेजारीच उभे होते. कोणती डिस्क काढताहेत ते कळावे म्हणून त्यांनी त्याच कप्प्यावर तळवा ठेवला, आणि ते थबकले. "थांबा. ही तर छान फिरतेय. घासतेय ती हिच्या शेजारची."

वायरकाकांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, तुम्ही एकपासून मोजलंत. ही पेटी शून्यापासून मोजते. तिची तीन म्हणजे तुमची चार. मलाच आधी कळायला हवं होतं, पण चिठ्ठी दिसली की माणूस डोकं वापरत नाही." ती डिस्क निघाली असती, तर धडधाकट बहिणीची नक्कल होत राहिली असती, आणि खरी आजारी तशीच घासत घासत संपली असती.

मला बंद करून वायरकाकांनी चार आकड्याची डिस्क काढली आणि आपल्या यंत्राला जोडली. नक्कल उतरवायला दुसरी डिस्क हवी, पण माझ्या वयाच्या पेटीला बसेल अशी डिस्क कुठल्याही दुकानात मिळत नाही. त्यांनी ती येताना जुन्या सामानाच्या गोदामातून पैदा केली होती. मग नक्कल सुरू झाली. जिथे सुई अडे तिथे न रेंगाळता पुढे जायचे आणि अवघड जागांकडे शेवटी परत यायचे, अशी त्यांची पद्धत. मावशी आणि भाऊ तिथून हलले नाहीत. मावशी भाऊंच्या तळहातावर बोटाने किती झाले ते लिहीत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वायरकाका म्हणाले, "थोडी जागा वाचताच आली नाही. बाकी आलं. आता लावून बघू."

नक्कल माझ्या पोटात गेली. मी जागा झालो, बेरीज मांडली, वजाबाकी केली, आणि गणित जुळले. वायरकाकांनी एक फाइल उघडली. सगळ्यांना ऐकू यावे म्हणून त्यांनी हेडफोन काढून एक छोटा स्पीकर जोडला होता.

आणि मित्रांनो, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा ऐकले की माझ्या पोटात काय आहे. एक बाई सांगत होती. भरल्या, निवांत आवाजात, समोर बसवून सांगावे तसे. एक माणूस दारातून आत आला होता, आणि तो बाहेर कधी गेला होता तेही मला कळले. भाऊंनी डोके भिंतीला टेकवले होते आणि त्यांचे गाल ओले होते. मध्येच एका जागी आवाज तुटला आणि दोन वाक्यांनंतर पुन्हा सुरू झाला. त्या वाचता न आलेल्या जागांपैकी ती एक. भाऊंनी ती दोन वाक्ये पाठ म्हणून दाखवली.

"मागे घरघर येतेय," वायरकाका म्हणाले. "या पेटीची. सगळं दुसऱ्या यंत्रावर उतरवून देणारच आहे, तेव्हा ती पुसून टाकतो. एका बटणाचं काम आहे."

"नको," भाऊ म्हणाले. "ती राहू द्या. ही घरघर ऐकली की मला कळतं, ही भिंतीपलीकडे बसलीय आणि मी इकडे. ती पुसलीत तर ही कुठं बसून वाचतेय, तेच मला कळणार नाही."

मी कान टवकारले. खरेच, तिच्या प्रत्येक वाक्यामागे, ती श्वास घ्यायला थांबली की जरा जास्तच, मी होतो. पोटात काय आहे म्हणून मी जन्मभर कुतूहल बाळगून बसलो, आणि त्या प्रत्येक पुस्तकात मीच बसलेला.

वायरकाकांनी मेलेली डिस्कही बदलली, आणि आता माझ्या पाचही डिस्क धड आहेत. सगळ्या फायलींची दुसरी प्रत वायरकाकांच्या घरी असते, कारण डिस्क पाच असल्या तरी पेटी एकच, आणि पेटीवर काय प्रसंग येईल हे सांगता येत नाही. भाऊ रोज सकाळी कप्प्यांवर तळवा ठेवून आमची विचारपूस करतात. तुमच्याही घरी आवडत्या माणसांचे आवाज, फोटो कुठल्यातरी एकाच यंत्रात असतील. त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली ठेवा. आणि कोणी मध्येच टीं टीं करू लागले, तर कापूस शोधण्याआधी त्याला काय झालेय ते विचारा.

परवा पलीकडच्या खोलीत मावशींची भाची वाचायला बसली. वाचायचे कसे ते मावशीच तिला खुणांनी शिकवतात. ती बाहेर येऊन म्हणाली, "मावशी, शेजारून घरघर येतेय गं." मावशींनी कपाटातून ती जुनी रजई काढली, माझ्यापर्यंत आल्या, थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांनी रजईची घडी घातली आणि ती भाऊंच्या खुर्चीवर, पाठीला टेकायला ठेवून दिली.

"असू दे," त्या कुजबुजल्या. "तू वाच."