शेजारची मुलगी

"अख्ख्या इब्रीची पोरं स्वतः शिकवायची आणि पोटची पोर दुसरीच्या दारात धाडायची! असली सून आमच्या सात पिढ्यांत झाली नाही," असं पुटपुटत सुगंधाबाई दारातल्या ढिगातून आपल्या चपला पायानेच हुडकत होत्या. नात ज्ञानदा दप्तर घेऊन जिन्यात उभी होती.

करोनात इथे ओमानमध्ये त्यांच्या मुलाचा, सलीलचा, पगार अर्ध्यावर आला, तेव्हा सुनेने, उत्तराने, तांदळाच्या डब्याला मोबाईल टेकवून चार पोरांना गणित शिकवायला घेतलं. आता बत्तीस पोरं होती. जेवणाचं टेबल बाल्कनीत गेलं, विज्ञानाला जोहरा मिस आली. घर त्यावरच चालतं, हे सुगंधाबाईंनाही कळत होतं. पण सातवीतली ज्ञानदा आईच्याच विषयात दोनदा नापास झाली. ते बाहेर फुटलं तर पालक पोरं काढून नेतील, म्हणून तिची शिकवणी दोन गल्ल्या सोडून, अमरीन मिसकडे.

"कोणी विचारलंच, तर शेजारची मुलगी म्हणा, आई," उत्तराने बजावलं होतं.

विचारू दे कोणीही, माझी नात म्हणून ठणकावून सांगेन, असं सुगंधाबाईंनी मनाशी धरलं होतं.

अमरीन मिसच्या जिन्यात गुलबानू नावाची बाई भेटली. मुलीसाठी क्लास शोधत फिरत होती.

"आपकी पोती है?"

सुगंधाबाईंनी तोंड उघडलं, तोच ज्ञानदाने त्यांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"नहीं, ये बाजूवाली आंटी हैं. मुझे उत्तरा मिस के पास जाना था. वो बेस्ट हैं. उधर सीट नहीं मिली, इसलिए इधर आती हूँ."

आजीशी दोन वाक्यं मराठीत बोलताना तीनदा अडखळणारी पोर एका शब्दाला अडली नाही. सुगंधाबाई तासभर तिथेच पायरीवर बसून राहिल्या. रिकामा हात त्यांनी पदराखाली घेतला होता.

घरी आल्या तेव्हा उत्तरा हसतच बाहेर आली.

"आई, आत्ताच कोणा गुलबानूचा फोन आला. जागा भरायच्या आत मुलीचं नाव घालायचंय म्हणे." मग तिने वर्गाचं दार मागे ओढून घेतलं आणि हळूच विचारलं, "वाटेत कोणी काही विचारलं नाही ना?"

सुगंधाबाईंनी आवाज खाली आणला नाही.

"विचारलं. तुझ्या लेकीनंच उत्तर दिलं. उत्तरा मिसकडे मला जागा मिळाली नाही, म्हणाली. आणि तेवढंच काय ते खरं बोलली."